आपल्या सिनेमात सायकल कुठून आली

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष, आपले पिठाच्या गिरणीवाले भाऊजी, शहरातून चार तासांचा प्रवास करून आलेले आणि गाडीतून उतरल्या उतरल्या "ती नदी अजून तिथेच आहे ना?" असं विचारणारे आपले दिग्दर्शकसाहेब, वाचनालय समितीचे सन्माननीय चिटणीस, ज्यांच्यासाठी आपण सगळे जमलो त्या आपल्या ग्रंथपाल बाई, आणि समोर बसलेल्या, मागे उभ्या असलेल्या, खिडकीत चढून बसलेल्या सगळ्या गावकरी मंडळींनो, तुम्हाला माझा मनापासून नमस्कार.

चिटणीसांनी मला दहा मिनिटं दिली आहेत. आठ मिनिटं झाली की ते टेबलावरची घंटी एकदा वाजवणार, दहा झाली की दोनदा. मी आधीच सांगून ठेवते, माझं सगळं आयुष्य सायकलच्या घंट्या ऐकण्यात गेलं आहे. घंटी वाजली म्हणून मी बाजूला होत नाही. नुसती मागे वळून बघते.

त्यांनी माझ्याकडून भाषण लिहूनही मागितलं होतं. मी दिलं. चांगलं आहे ते. त्यात ज्ञानाचा दिवा दोनदा लावला आहे आणि बाईंना एकदा सावली देणारं झाड म्हटलं आहे. ते त्यांच्याकडेच राहू द्या, वार्षिक अहवालात छापायला उपयोगी पडेल. मी आज दुसरंच बोलणार आहे. आणि सकाळपासून मला हसू आवरत नाहीये, तेव्हा मध्येच थांबले तर पाणी आणू नका. जरा वेळ द्या, माझी मी सुरू होईन.

निरोप समारंभात कोणी हसतं का? तुम्ही म्हणाल, वहिनींना काळवेळ कळत नाही. पण मी आयुष्यात एक मोठा निरोप चार वर्षांपूर्वी दिला आहे आणि रडायचं होतं ते त्यात रडून झालं आहे. रोज थोडं उरतं, ते सकाळी दुकानाचं कुलूप काढताना खर्च होतं. संध्याकाळच्या कार्यक्रमांसाठी माझ्याकडे हसणंच शिल्लक असतं.

नव्या लोकांसाठी सांगते, मी सायकलवाल्यांची बायको. सायकल दुरुस्तीचं कोपऱ्यावरचं दुकान आमचं. माझी शाळा चौथीत सुटली. पुढची सगळी अक्षरं मी ट्यूबच्या खोक्यांवर आणि ग्रीसच्या डब्यांवर वाचली. 'उष्णतेपासून दूर ठेवा' हे मी पाठ म्हणू शकते. लग्नानंतर आठ-दहा वर्षांनी धीर करून इथल्या वाचनालयात आले, तेव्हा या बाई नुकत्याच कामाला लागल्या होत्या. सत्तावीस वर्षांच्या, कडक इस्त्रीच्या, टेबलामागे ताठ बसलेल्या. मी म्हटलं, सोपं पुस्तक द्या. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि या एवढ्या जाडीचं पुस्तक दिलं. मी म्हटलं, अहो, सोपं म्हटलं होतं. तर म्हणाल्या, "हे सोपंच आहे, फक्त लांब आहे."

आणि एक गोष्ट सांगते, ती मी कुठल्याच शिक्षकात पाहिली नाही. पुस्तक परत करताना बाईंनी एकतीस वर्षांत मला एकदाही 'कळलं का?' असं विचारलं नाही. त्या विचारायच्या, "कोण आवडलं?" आता सांगा, या प्रश्नात कोणी नापास होईल का? मी एकदा म्हटलं, पुस्तकातला खलनायक आवडला. बाई म्हणाल्या, "साहजिक आहे. घरात सवय आहे तुम्हाला."

हसताय ना? जे हसत नाहीयेत ते गावात नवीन आहेत. त्यांच्यासाठी, म्हणजे नव्या सुनांसाठी आणि बदलून आलेल्या शिक्षकांसाठी, थोडा इतिहास सांगावा लागेल. बाकीच्यांनी तोवर एकमेकांच्या तब्येतीची चौकशी करून घ्या.

आपल्या आजोबांच्या काळात इथे परकं सरकार होतं. एका दुष्काळी वर्षी त्यांची माणसं कोठारातलं धान्य उचलून न्यायला आली. गावाने दिलं नाही. त्यांच्या कचेरीला कुलूप ठोकलं, किल्ली विहिरीत टाकली आणि नऊ दिवस हे गाव स्वतःचं स्वतः चालवलं. पुलावर रात्रंदिवस पहारा. फौज येणार ती पुलावरूनच, दुसरा रस्ता नव्हता. दहाव्या दिवशी पहाटे फौज पुलावरून आलीच नाही. नदीतून आली, होडीने, तीन खेपांत. सात माणसं गेली. त्यांची नावं बाहेरच्या दगडावर आहेत, येताना तुम्ही वाचलीच असतील.

होडी चालवणाऱ्याचं नाव कुठेच कोरलेलं नाही. कोरायची गरजही पडली नाही. या सभागृहात ते माहीत नाही असा माणूस नाही, आणि मोठ्याने म्हणेल असाही नाही. तो होडीवाला म्हणजे आपल्या बाईंचे आजोबा.

बघा, किती शांत झालात. घाबरू नका, मी विचारून आले आहे. परवा मी बाईंच्या घरी गेले, त्या सामान बांधत होत्या. मी म्हटलं, बाई, मला निरोपाच्या भाषणात होडीवाल्याचं बोलायचं आहे. त्यांनी दोरीला गाठ मारली, ती ओढून बघितली आणि म्हणाल्या, "बोला. मी गेल्यावर बोललं जाईल, त्यापेक्षा मी समोर असताना बोललेलं बरं." त्यांच्या आजोबांच्या डोक्याला बंदूक लावली होती की हातात काही ठेवलं होतं, ते मला माहीत नाही. बाईंनाही माहीत नाही. ज्यांना माहीत होतं ते सगळे गेले. क्षमा करणारी मी कोण? माझ्या घरातलं कोणी त्या दगडावर नाही. मी फक्त सिनेमाचं बोलणार आहे.

तर एकतीस वर्षांपूर्वी हे साहेब, तेव्हा यांना भरपूर केस होते, आपल्या गावात आले. म्हणाले, त्या नऊ दिवसांवर सिनेमा काढायचा, कामं गावकऱ्यांनीच करायची. गावाला काय, आनंदच. पण कोणी काय करायचं? साहेब म्हणाले, मी चेहरे बघून कामं वाटत नाही, गावाने बंड केलं तेव्हा चेहरे बघून केलं नव्हतं. चिठ्ठ्या टाका. चिठ्ठ्या लिहिल्या कोणी? ज्यांचं अक्षर गावात सगळ्यांत सुरेख, त्यांनी. या बाईंनी. साहेबांना कशाचीच कल्पना नव्हती, आणि गावातल्या कोणाला त्यांच्या कानाला लागावंसं वाटलं नाही. बाईंनी यादीबरहुकूम बावन्न चिठ्ठ्या लिहिल्या. 'बंडवाला', 'शिपाई', 'खोकणारा म्हातारा', 'मेलेला शेतकरी'. आणि 'होडीवाला'. सगळ्या एकाच अक्षरात, एकसारख्या घड्या घालून.

याच सभागृहात, याच टेबलावर बादली ठेवली होती. एकेक जण येऊन चिठ्ठी काढायचा, बाई ती मोठ्याने वाचायच्या. दूधवाल्यांना 'मेलेला शेतकरी' आलं तर ते इतके खूश झाले की काय सांगू. दिवसभर पडून राहायचं काम म्हणून. आमच्या यांना आलं 'गर्दीतला माणूस'. आणि बायकांना? आम्हाला चिठ्ठ्याच नव्हत्या. आम्ही सगळ्या गर्दी.

मग आजच्या अध्यक्षांची पाळी आली. आता जे सांगते ते भाऊजींच्या परवानगीने सांगते. परवानगी कसली, काल गिरणी बंद करून ते माझ्या दुकानात आले आणि म्हणाले, "वहिनी, तो मी होतो म्हणून स्पष्ट सांगा. मी बोलायला लागलो की माझा घसा बसतो." ऐन तिशीतले होते तेव्हा. दगडावरचं तिसरं नाव त्यांच्या आजोबांचं. त्यांनी चिठ्ठी काढली, बाईंच्या हातात दिली. बाईंनी उघडली. आवाज जराही न हलवता वाचलं, "होडीवाला."

भाऊजी म्हणाले, "हे काम माझं नाही. ज्यांच्या घरातलं आहे त्यांनी करावं."

माणसं छताकडे बघायला लागली. साहेब बिचारे इकडेतिकडे बघतात, कोणाच्या घरातलं, काय घरातलं. आणि बाई चिठ्ठी हातात धरून उभ्या. मी त्या खांबाजवळ होते. मला त्यांच्या हातातला कागद दिसत होता, तो थरथरत नव्हता, आणि तेच मला बघवत नव्हतं.

तेवढ्यात मागून आमचे हे आले, ग्रीसचे हात पँटला पुसत. बाईंच्या हातातली चिठ्ठी त्यांनी अलगद काढून घेतली आणि साहेबांना म्हणाले, "नको असेल तर मी घेतो. मला गर्दीत टाकलंय, आणि माझी बायको पण गर्दीतच आहे. सिनेमात तरी मला तिच्यापासून जरा लांब ठेवा."

एवढं मोठं हसू या छताखाली त्यानंतर ऐकू आलं नाही. मी सोडून सगळे हसले. साहेबांनी यांना मिठी मारली, त्यांचा पांढरा शर्ट कायमचा गेला, आणि होडीवाल्याचं काम आमच्या घरात आलं. काम म्हणजे वाक्यं दोन. पहिलं, "मला वाट माहीत आहे." दुसरं, "आवाज करू नका." ही दोन वाक्यं हे महिनाभर म्हणत होते. मी विचारायची, जेवायला काय करू? तर म्हणायचे, "मला वाट माहीत आहे."

आता होडीचा दिवस. साहेब, तुम्ही आत्ताच हसू नका, अजून कोणी बुडालं नाहीये.

सकाळी उजाडता उजाडता आम्ही सगळ्या बायका काठावर. होडीत हे, चार शिपाई, आणि गोरा अधिकारी म्हणजे शहरातल्या नाटक मंडळीतले एक उंच गृहस्थ, अर्धा डबा पावडर लावून पांढरे केलेले. पहिल्या वेळी होडी जागच्या जागी गोल फिरली. चार फेऱ्या मारल्या. दुसऱ्या वेळी मधेच एक वल्हं सुटलं, हे ते पकडायला वाकले आणि दुसरंही सोडून बसले. तिसऱ्या वेळी होडी प्रवाहाला लागली ती खाली मैलभर, धुण्याच्या घाटाजवळ सापडली. तिथे धुणं धुणाऱ्या बायकांनी बंदुका बघून साबण टाकून पळ काढला. चौथ्या वेळी सगळं नीट चाललं होतं. नदीच्या मध्यावर आल्यावर यांना काय वाटलं कोण जाणे, अधिकाऱ्याला सलाम करायला हे होडीत उभे राहिले.

सलाम अर्धाच झाला. होडी उलटी. अधिकारी पाण्यात गेले ते गोरे गेले आणि वर आले ते तुमच्याआमच्यासारखे आले. पावडरचा एक पांढरा पट्टा नदीतून कितीतरी वेळ वाहत होता. साहेब काठावर मटकन खाली बसले. शेजारीण माझ्या कानाला लागली, "वहिनी, तुमच्या यांना घरी खुर्चीत तरी सरळ बसता येतं का हो?" मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. हे ओलेचिंब होऊन वर आले आणि साहेबांना म्हणाले, पाचव्यांदा नक्की जमेल.

पाचव्यांदा काय झालं ते मी सांगत नाही. त्या उंच गृहस्थांनी त्यानंतर आयुष्यात कधी होडीत पाय ठेवला नाही, एवढंच सांगते.

माणूस बदलावा, तर यांचे दोन प्रसंग आधीच घेऊन झाले होते, सभेत बसून कान टवकारल्याचे. दुसऱ्या कोणाला नुसतं वल्हवायला बसवावं, तर गावातला एकही माणूस त्या होडीत बसायला तयार नाही. फिल्मची रिळं संपत आलेली. शेवटी साहेबांनी हात जोडले आणि विचारलं, "बाबा रे, तुला येतं काय?"

हे म्हणाले, "सायकल."

आणि म्हणून, नव्या मंडळींनो, आपल्या सिनेमात तो फितूर सायकलवरून येतो. बंधारा झाल्यापासून नदीला वरच्या अंगाला गुडघाभर पाणी असतं, तिथून सायकल खांद्यावर घेऊन हे पलीकडे येतात, मग तीवर बसतात, आणि फौज त्यांच्यामागून शेताच्या बांधावरून धावत सुटते. ज्या काळी या पंचक्रोशीत कोणी सायकल पाहिली नव्हती, त्या काळी. कॅरियर लावलेली. पुढे दिवा. आणि "आवाज करू नका" म्हणताना यांचा हात लागून घंटी वाजते, तीही ऐकू येते.

सिनेमाला बक्षीस मिळालं, तिसरं का होईना मिळालं, पण सायकलने साहेबांचा पिच्छा सोडला नाही. एका वर्तमानपत्राने लिहिलं, दिग्दर्शकाने इतिहासाचं चाक पंक्चर केलं. मी ते कात्रण वाचून दाखवलं तर हे म्हणाले, त्यांना म्हणावं घेऊन या, काढून देतो. मग बऱ्याच वर्षांनी वारं फिरलं. एक मुलगी प्रबंध लिहायला आली. म्हणाली, सायकल हे यंत्रयुगाचं प्रतीक आहे, बरोबर ना? हे म्हणाले, नाही, ती पोस्टमनची आहे, ब्रेक बसवायला आली होती. आणि त्याच सुमारास मी इथेच वाचनालयात साहेबांची मुलाखत वाचली. त्यात साहेब म्हणतात, "ती सायकल मी जाणीवपूर्वक आणली. ती काळाची गती आहे."

साहेब, तुम्ही लाजू नका. जाणीवपूर्वक आणली हे अगदी खरं आहे. फक्त आणणारे तुम्ही नव्हता.

होडीच्या प्रकारानंतर दोन दिवस मी यांच्याशी बोलले नव्हते. तिसऱ्या दिवशी माझ्या मोठ्या नणंद चित्रीकरण बघायला म्हणून आल्या. मी त्यांच्यापुढे सगळं गाऱ्हाणं घातलं, होडी कशी फिरली, कशी उलटली, माझी शोभा कशी झाली. त्या ऐकत राहिल्या आणि मग पदर तोंडाला लावून हसायलाच लागल्या. म्हणाल्या, "कोणाबद्दल बोलतेस तू? आमच्या धाकट्याबद्दल? अगं, आमचं घर नदीवरचं. चौदा वर्षांचा असताना हा पुराच्या पाण्यात पोत्यांनी भरलेली होडी एकट्याने पलीकडे न्यायचा. पोत्याला पाण्याचा थेंब लागायचा नाही."

लग्नाला दहा वर्षं झाली होती. मला नवऱ्याला पोहता येतं हे माहीत नव्हतं. आपल्या गावात आल्यावर ते कधी पाण्यात उतरलेच नव्हते, सायकलींनी उतरू दिलं नाही.

मी तशीच दुकानात गेले. हे घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब बुडवून बुडबुडे बघत बसले होते. मी म्हटलं, वन्सं आल्या आहेत. यांनी मान वर केली नाही. म्हणाले, "म्हणजे समजलं."

मी म्हटलं, पाच वेळा? माणसं बुडली असती तर?

म्हणाले, "उथळ बघूनच उलटवली होती. तो पावडरवाला अधिकारी उगाच ओरडत होता, उभा राहिला असता तर छातीपर्यंत पाणी."

मी विचारलं, कशासाठी? तेव्हा त्यांनी ट्यूब बाहेर काढली, भोकावर बोट धरलं आणि जे सांगितलं ते मी तुम्हाला त्यांच्याच शब्दांत सांगते. म्हणाले, "सिनेमा माणसांपेक्षा जास्त जगतो म्हणतात. त्यात होडीतला माणूस दिसला, की दर वेळी पोरं वळून बाईंकडे बघतील. सायकलवरचा दिसला तर माझ्याकडे बघतील. मला काय, बघू देत की."

भाऊजी, आता तुम्ही पाणी घ्या. चिटणीस, घंटी राहू द्या.

मी म्हटलं, हे बाईंना सांगायला हवं. तर म्हणाले, अजिबात नाही. म्हणाले, "तिला कळलं तर तुला पुस्तक देताना तिला वाटेल, आपण परतफेड करतोय. मग ती चांगलं पुस्तक राखून ठेवायला लागेल तुझ्यासाठी. आणि तुला मजा येणार नाही. ती तुला पुस्तकं देतेय तोवर गप्प राहा."

मी गप्प राहिले. एकतीस वर्षं. मी एवढा वेळ कुठल्याही बाबतीत गप्प राहू शकते यावर इथल्या कोणाचा विश्वास बसणार नाही. पण आज चार वाजता बाईंनी कपाटांच्या किल्ल्या समितीच्या ताब्यात दिल्या. आता त्यांना मला पुस्तक देता येत नाही. म्हणजे यांची अट संपली. मी चार वाजून पाच मिनिटांपासून मोकळी आहे, आणि तुम्ही मला विचारत होता, वहिनी, आज एवढं हसू का येतंय.

आणि यांचं म्हणणं अगदी तसंच झालं, हे तुम्हीच साक्षीला आहात. सिनेमा पहिल्यांदा लागला त्याच्या दुसऱ्या दिवसापासून गावातली पोरं यांना फितूरकाका म्हणायला लागली. "फितूरकाका, हवा भरा." "फितूरकाका, चेन पडली." दुकानाला तेच नाव पडलं, पत्रंसुद्धा त्याच नावावर येतात. फितूर म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे कोण येतं, सांगा बरं? होडी येते? होडी कोणाला शेवटची कधी आठवली होती? हे गेले तेव्हा तरुण मंडळाने चौकात फलक लावला, 'आपल्या गावाचे लाडके फितूर यांचे दुःखद निधन'. माझ्या माहेरची माणसं तो वाचून घाबरी झाली. मला म्हणाली, जावई काय करत होते गं? मी तेव्हासुद्धा हसले होते. त्या दिवशी तेवढं एकदाच.

पाचव्या दिवशी बाई घरी आल्या. इकडची तिकडची समजूत घातली नाही, डोळे पुसले नाहीत. पुस्तक टेबलावर ठेवलं. मी सवयीने शेवटचं पान उघडलं, परतीच्या तारखेचा शिक्का बघायला. शिक्का नव्हता. बाई म्हणाल्या, "याला मुदत नाही." अजून माझ्याकडेच आहे ते. समितीने याची नोंद घेतली तरी मी देणार नाही.

आता मुद्द्याचं. दरवर्षी आपण हा सिनेमा वाचनालयाच्या भिंतीवर दाखवतो. दरवर्षी खुर्च्या कोण मांडतं? बाई. पडद्याच्या सुरकुत्या कोण काढतं, वायर कोण बघतं? बाई. आणि दिवे बंद होण्याच्या आधी दोन मिनिटं बाई म्हणतात, "मी निघते, शेगडीवर दूध ठेवून आले आहे." तीस वर्षं. त्या दुधाचं पुढे काय होतं हे विचारायची आपल्यापैकी कोणाची हिंमत झाली नाही. आपण सगळे म्हणतो, हो हो, जा, उतू जाईल.

बाई, सिनेमात तो माणूस चार मिनिटं दिसतो. तुम्हाला वाटतं, होडी काय आणि सायकल काय, माणूस तोच, आमच्या घरातला. तसं नाही. मी दरवर्षी बघते, मला विचारा. त्याच्यात तुमच्या आजोबांचं काहीही नाही. त्याने काही राहूच दिलं नाही. तो आमच्या घरातला आहे. चौतीस वर्षांचा आहे, केस काळे आहेत, शर्टाचं वरचं बटण मी घाईत लावलेलं, वाकडं आहे. शेवटी सात माणसं पडलेली असतात तिथे तो येतो, आणि तशा प्रसंगातसुद्धा सायकल आधी स्टँडवर लावतो आणि मागचं चाक हलतंय का बघतो. ते साहेबांनी सांगितलेलं नव्हतं. ती त्यांची सवय. माझ्याकडे त्यांचे फोटो दोन आहेत, दोन्हींत ते दगडासारखे उभे आहेत. हलताना ते फक्त तिथे दिसतात.

गावाने त्यांना तीस वेळा पाहिलं आहे आणि तीस वेळा हसलं आहे. ज्यांच्यासाठी त्यांनी पाच वेळा होडीत स्वतःची फजिती करून घेतली, त्यांनी मात्र एकदाही पाहिलेलं नाही. उद्या सकाळच्या गाडीने बाई मुलीकडे राहायला जाणार. आज दिवे बंद झाल्यावर आपण हा सिनेमा त्यांच्या सन्मानार्थ दाखवणार आहोत, असं पत्रिकेत छापलं आहे. मी माझ्या खुर्चीशेजारची खुर्ची रिकामी ठेवली आहे. एवढीच माझी मागणी आहे. जायचं असेल तरी हरकत नाही बाई, दार उघडं ठेवायला सांगितलं आहे, आणि कोणी मागे वळून बघणार नाही. भाऊजींनी तसं सगळ्यांना बजावलं आहे.

मला बोलायची संधी दिल्याबद्दल समितीचे आभार. अध्यक्षांचे आभार, त्यांनी आज माझ्यापेक्षा मोठं काम केलं आणि एक शब्द न बोलता केलं. साहेबांचे आभार, आणि त्यांची माफी, पुढच्या मुलाखतीत काय सांगायचं ते त्यांनी ठरवावं. मी बोलणारी बाई नाही, वाचणारी आहे. बोलताना कोणाचं मन दुखावलं असेल, कोणाला नको ते आठवलं असेल, वेळ तर नक्कीच जास्त घेतला आहे, तेव्हा ते सगळं पोटात घाला.

चिटणीस, आता दिवे बंद करायला हरकत नाही.

थांबा. जरा थांबा हो, एवढ्यात नको. बाई पिशवीत चष्मा शोधताहेत. वाचायचा नाही, लांबचा.